अंदाजाचे लाकूड

जुन्या जहाजाची लाकडी प्रतिकृती करायची तर करवत-रंध्याच्या आधी नकाशा लागतो. युरोपातली जहाजे करणाऱ्या हौशी माणसाला तो सहसा मिळतो. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजींच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेले 'त्रिंकोमाली' हे ब्रिटिश नौदलाचे जहाज घ्या. त्याचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठले, लढाईत 'जावा' संपले आणि नकाशेही गेले. मग दुसरी प्रत पाठवण्यात आली. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी 'त्रिंकोमाली' पाण्यात उतरले आणि आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत पाहायला मिळते. त्याची प्रतिकृती करणाऱ्याला एकही बरगडी मनाने कोरावी लागत नाही.

आता कान्होजी आंग्र्यांची गुराब करायला घ्या, किंवा अजिंठ्याच्या भिंतीवरचे जहाज. इथे नकाशाची दुसरी प्रत येत नाही, कारण पहिलीच नव्हती. मराठा आरमारावर बी. के. आपटे यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ आजही आधाराला घ्यावा लागतो. गुराब, गलबत, शिबाड, मचवा ही नावे, त्यांची कामे, आरमाराचा कारभार हे सारे कागदपत्रांतून उभे करता येते. पण कण्यापासून कठड्यापर्यंतची रेषा कशी वळत गेली हे कागद सांगत नाहीत. ती रेषा मिस्त्रीच्या डोळ्यात आणि हातात होती, आणि हातातली विद्या पुढच्या हाताला मिळाली नाही की ती संपते.

मी सिल्लोडचा. समुद्र पाहायचा तर चारशे किलोमीटर जावे लागते; अजिंठ्याची लेणी मात्र चाळीसेक किलोमीटरवर. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही आणि सुतारकाम मी आळीतल्या मिस्त्रींच्या शेजारी बसून शिकलो. पंचवीसेक वर्षे हा नाद आहे. या काळात एक प्रश्न मला सतत पडत आला आहे, आणि हा लेख त्याच्याविषयी आहे : प्रतिकृतीत जिथे पुरावा संपतो आणि करणाऱ्याचा अंदाज सुरू होतो, ती जागा पाहणाऱ्याला दिसायला हवी की नको?

आधी चित्राकडे जाऊ. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. हे चित्र पूर्ण-अवदानाच्या कथेचे मानले जाते. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, पुढे बुद्धाचा भिक्षू झालेला. त्याचा भाऊ चंदनाच्या लाकडासाठी समुद्रापार जातो, यक्षाच्या कोपाने वादळ उठते आणि पूर्ण आपल्या सामर्थ्याने जहाज वाचवतो, अशी ती कथा. चित्राचा काळ काही अभ्यासक पाचव्या शतकाचा शेवट धरतात, काही सहाव्या शतकात नेतात.

लेण्यातल्या मंद उजेडात हे चित्र नीट वाचता येत नाही, म्हणून माझ्यासारख्याला नकलांवर अवलंबून राहावे लागते. त्या नकलांचा इतिहासही दुर्दैवी आहे. आमच्याच तालुक्यातील अजिंठा गावात मुक्काम करून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे ज्या नकला केल्या, त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात येऊन पुन्हा नकला करून गेले. त्यांतीलही शंभरावर नकला १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. पुढे निजामाच्या हैदराबाद संस्थानने गुलाम याझदानींचे अजिंठ्यावरचे खंड छापले. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ च्या आपल्या भारतीय नौकानयनावरील ग्रंथात या जहाजाला जागा दिली, आणि तेव्हापासून ते सर्वांच्या ओळखीचे झाले.

चित्रात काय दिसते? पुढचे आणि मागचे टोक उंच उचललेले. तीन उभ्या डोलकाठ्या, प्रत्येकीवर एक उंच, अरुंद, आयताकृती शीड. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फुगलेले आणखी एक चौकोनी शीड, आणि त्याची काठी डेकवरच्या एका चौकटीतून बाहेर आलेली. मागच्या बाजूला दिशा देण्याची वल्ही. छताखाली रांजणांसारखी भांडी मांडलेली. आणि नाळेवर रंगवलेला डोळा. चित्रकार समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगराच्या पोटात बसून हे काढत होता, तरी दिशेचे वल्हे कुठे टांगलेले असते हे त्याला ठाऊक होते. हा माणूस ऐकीव माहितीवर चालणारा नव्हता, किंवा त्याला सांगणारा तरी जहाजावर राहिलेला होता, असे माझे मत आहे. अजिंठ्याच्या घाटातून व्यापारी वाट जात होती आणि व्यापारी लेण्यांचे दानकर्ते होते. तेव्हा सांगणारे कमी नसतील.

पण हे चित्र लाकडात आणायला बसले की अडचणी एकामागून एक पुढे येतात. पहिली मापाची. चित्रातला माणूस जहाजाच्या मानाने फार मोठा आहे. माणसाची उंची साडेपाच फूट धरून जहाज मोजले, तर ते गोदावरीतल्या होडीएवढे निघते. तसे ते असणार नाही, कारण अजिंठ्याचा चित्रकार महत्त्वाच्या गोष्टीला मोठे काढतो आणि कथेत महत्त्व माणसाला आहे. म्हणजे लांबी चित्रातून मिळत नाही. दुसरी अडचण रुंदीची. चित्र बाजूने काढलेले आहे, त्यामुळे रुंदी दिसतच नाही. जहाजाच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे माप तेच, कारण वाऱ्यात ते उभे राहील की कलंडेल हे मुख्यतः रुंदीवर ठरते. तिसरी अडचण जोडणीची. फळ्या काथ्याने शिवल्या होत्या की खिळ्यांनी ठोकल्या होत्या, हे चित्रावरून ठरवता येत नाही.

रुंदीसाठी पुष्कळ जण 'युक्तिकल्पतरू'कडे वळतात. भोजराजाच्या नावावर असलेल्या या संस्कृत ग्रंथात जहाजांच्या जाती आणि मापे दिली आहेत. मुखर्जींनी ती मांडल्यापासून प्रत्येक भाषणात त्यांचा उल्लेख होतो, पण ती लाकडात करून कितींनी पाहिली, शंका आहे. ती करून पाहणे आपल्याकडे विशेष सोपे आहे. आपल्या सुतारांचे माप सूत : आठ सुतांचा एक इंच. जगभर जहाजांच्या प्रतिकृतींचे एक रूढ प्रमाण आहे १:४८, म्हणजे फुटाला पाव इंच, म्हणजेच फुटाला दोन सूत. हात दीड फुटाचा धरला तर एक हात बरोबर तीन सूत होतो. 'युक्तिकल्पतरू'तली मापे हातांत आहेत, तेव्हा मिस्त्रीच्या पट्टीवर ती जशीच्या तशी उतरतात.

तिथल्या 'दीर्घ' वर्गात लांबीच्या एक अष्टमांश रुंदी आणि एक दशांश खोली असा हिशोब आहे. 'दीर्घिका' ३२ हात लांब, ४ हात रुंद. १:४८ मध्ये ती एक फूट लांब आणि दीड इंच रुंद होते : पट्टी ठेवायच्या डब्यासारखी. तिच्यावर डोलकाठी उभी करून पाण्याच्या घंगाळात सोडली की ती लगेच आडवी होते. तळाला बरेच वजन टाकले तरच उभी राहते. वल्हवण्याची होडी म्हणून हे माप समजू शकते, शिडाचे जहाज म्हणून नाही. 'उन्नत' वर्गात याच्या उलट आहे. 'ऊर्ध्वा' ३२ हात लांब, १६ हात रुंद आणि १६ हात खोल. बारा इंच, सहा इंच, सहा इंच. हा सरळ खोका झाला. कोणताही जहाज बांधणारा असे खोके समुद्रात नेणार नाही. ग्रंथकाराला वर्गवारीची आवड होती आणि आकड्यांची पटीही नेटकी बसवायची होती. बांधणाऱ्याच्या शेजारी बसून त्याने हे लिहिले असेल असे मला वाटत नाही. ग्रंथाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. फक्त त्याला नकाशा म्हणून वापरू नये.

घंगाळातल्या प्रयोगालाही मर्यादा आहे, आणि ती सांगायला हवी, कारण पंखा लावून प्रतिकृती 'चालवून' दाखवणारे पुष्कळ असतात. जहाज लहान करताना त्याला कलवणारा वाऱ्याचा जोर आणि सरळ करणारा वजनाचा जोर सारख्या पटीने लहान होत नाहीत. तोच वारा ठेवून माप ४८ पट कमी केले, तर कलवणारा जोर ४८ च्या तिसऱ्या घाताने कमी होतो, सरळ करणारा चौथ्या घाताने. त्यामुळे छोटे जहाज खऱ्यापेक्षा कितीतरी सहज कलंडते. पंख्यापुढे प्रतिकृती पडली म्हणून मूळ जहाज वाईट ठरत नाही. मापांतला हा फरक हिशोबात कसा धरायचा, याची घडी विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधून बसवली. त्याच्या नियमाने १:१६ प्रतिकृती खऱ्या वेगाच्या चौथ्या हिश्शाने ओढायची असते.

आपल्याच चित्राच्या बाबतीत अलीकडे हे सारे मोठ्या प्रमाणावर घडले. संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला आणि अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून पूर्ण आकाराचे, काथ्याने शिवलेले जहाज बांधायचे ठरले. केरळचे बाबू शंकरन हे त्याचे मुख्य मिस्त्री. नकाशा नसल्याने जहाजाचा आकार, शिडे, दोऱ्या सारे मुळापासून ठरवावे लागले आणि आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघून ते जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले.

'कौंडिण्य'ची लांबी १९.६ मीटर आणि रुंदी ६.५ मीटर. म्हणजे तिनास एक. 'युक्तिकल्पतरू'चे आठास एकही नाही आणि दोनास एकही नाही. हे प्रमाण चित्रात नाही, ग्रंथात नाही. ते अभियंत्यांनी आणि मिस्त्रींनी ठरवले, आणि जहाज मस्कतला पोहोचले म्हणजे ते चालते हेही ठरले. पण पाचव्या शतकातले जहाज असेच होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. असे असू शकते, एवढेच. शिलाईचेही तसेच आहे. १९९८ मध्ये इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ सापडलेले नवव्या शतकातले जहाज शिवलेले होते, केरळात ही कला आजही हातात आहे, त्यामुळे शिलाईचा अंदाज भक्कम आहे. तरीही तो शेजारच्या पुराव्यावरून घेतलेला आहे. वर्तमानपत्रांतून मात्र 'अजिंठ्याचे जहाज पुन्हा समुद्रात' असेच आपण वाचतो. अभिमान मलाही वाटला; आमच्या लेण्याचे चित्र आहे ते.

लहान प्रतिकृतीचा खरा उपयोग काय, याचे मला आवडणारे उदाहरण जावा बेटावरचे आहे. बोरोबुदूरच्या शिल्पातल्या जहाजावरून 'समुद्र रक्षा' हे जहाज बांधले गेले आणि २००३-०४ मध्ये ते जकार्ताहून आफ्रिकेतल्या घानापर्यंत गेले. निक बर्निंगहॅम या अभ्यासकाने त्यासाठी बाल्सा या हलक्या लाकडाची प्रतिकृती केली होती, आणि इंडोनेशियाच्या पारंपरिक मिस्त्रींनी मुख्यतः तिच्याकडे पाहून पूर्ण जहाज उभे केले. कागदी नकाशा वाचणे हा त्यांच्या विद्येचा भागच नव्हता. हातात धरून फिरवता येणारी वस्तू मात्र त्यांना पुरेशी होती. आपल्या कोकणातल्या जुन्या मिस्त्रींनाही मी त्याच जातीचे मानतो.

प्रतिकृती हातात असली की चित्रातल्या गोष्टींची कारणेही सापडू लागतात. अजिंठ्याच्या जहाजाची शिडे उंच आणि अरुंद का, हे मला बरेच दिवस चित्रकाराच्या भिंतीवरच्या जागेचे बंधन वाटत होते. तीन डोलकाठ्या जवळजवळ उभ्या करून त्यांवर परबाण, म्हणजे शीड बांधण्याचा आडवा बांबू, चढवला तेव्हा दुसरे कारण दिसले. वारा बाजूचा असेल तर परबाण फिरवून जहाजाच्या लांबीत आणावा लागतो. दोन डोलकाठ्यांमधल्या अंतरापेक्षा परबाण लांब असले, तर ते एकमेकांवर आपटतात. डोलकाठ्या जवळ असतील तर शीड अरुंदच हवे, आणि कापड हवे तेवढे मिळवायचे तर ते वर वाढवावे लागते. चित्रकाराने जे पाहिले तेच काढले असावे, या बाजूने हा एक पुरावा.

गुराबीची गोष्ट निराळी. तिचे चित्र नाही म्हणावे इतके कमी, पण वर्णन चांगले आहे, आणि ते शत्रूच्या बाजूचे आहे. अरबीत घुराब म्हणजे कावळा; त्या शब्दावरून हे नाव आले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गात तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी पेटून जळाले, आणि इंग्रज तिथे नानासाहेब पेशव्यांच्या मसलतीने आले होते, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. आंग्र्यांच्या या जहाजांचे तपशील रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांच्या आतली, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. लांबीच्या मानाने रुंद, आणि पाण्यात फार खोल न जाणारी. पुढे निमुळती होत जाऊन भूमध्य समुद्रातल्या वल्हवी जहाजांसारखी चोचीची नाळ. या नाळेवरचे डेक मुख्य डेकच्या पातळीत, पण त्याला कठडा नाही. समोरून लाट आली की गुराब जोराने डुचमळे, नाळ पाण्यात जाई. कठडा नसल्याने पाणी तसेच वाहून जाई. नाळ आणि मुख्य डेक यांच्यामध्ये आडवी भिंत, आणि तिच्या भोकांतून पुढे तोंड केलेल्या नऊ ते बारा पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा त्याहून लहान.

एवढे वर्णन पाळून लाकूड कापले तर बहुतेक दिवाणखान्यांतली 'मराठा युद्धनौका' चुकीची ठरते. तिची नाळ युरोपीय फ्रिगेटसारखी उंच आणि बंद असते, तोफा दोन मजले असतात, आणि मराठी उरतो तो फक्त भगवा झेंडा. खरी गुराब या मानाने बुटकी आणि पसरट. पण पुढच्या दोन तोफा घेऊन ती शत्रूच्या पाठीमागे लागे, गलबते तिला दोरांनी ओढून नेत, आणि शत्रूच्या डोलकाठ्या एका ओळीत आल्या की गोळे सोडले जात, असे ऑर्म सांगतो. ते वाचून मग प्रतिकृतीची नाळ समोरून पाहिली की ती बुटकी का, हे लगेच कळते.

इथे मूळ प्रश्नाकडे येतो. ऑर्म नाळेची लांबी देत नाही, डोलकाठीची जाडी देत नाही, मागचा भाग कसा होता ते सांगत नाही. प्रतिकृतीला तर हे सगळे लागते. पुस्तक लिहिणारा 'असावे' लिहून पुढे जातो. लाकडात 'असावे' कसे लिहायचे? मातीची फुटकी भांडी जोडणारे संग्रहालयातले लोक हरवलेला भाग वेगळ्या छटेच्या प्लास्टरने भरतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही वास्तूच्या नव्या भरणीसाठी हाच दंडक आहे : ती मूळ भागाशी जुळावी, पण वेगळी ओळखू यावी. मी तो जहाजाला लावतो. ज्या भागाला चित्राचा किंवा लेखनाचा थेट आधार आहे तो पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या, बारीक रेषांच्या सागवानात करतो. शेजारच्या पुराव्यावरून किंवा माझ्या अंदाजाने केलेला भाग शिवणीच्या पांढुरक्या लाकडात. दोन्हींना रंग नाही, फक्त तेल. पाच फुटांवरून जहाज एकसंध दिसते. जवळ आले की शिवण दिसू लागते.

हे सर्वांना रुचत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमासाठी गुराब हवी म्हणून बाहेरगावची मंडळी आली होती. निम्मी झालेली प्रतिकृती पाहून त्यांतले एक जण म्हणाले, "सर, हे पांढरं लाकूड कच्चं राहिलंय का? पॉलिश मारून घ्या ना." कारण सांगितले तर म्हणाले, "पण लोकांना काय करायचंय त्याचं? तोफा वाढवा, मजले दोन-तीन करा. महाराजांचं आरमार आहे, भव्य दिसलं पाहिजे." मी म्हटले, "दादा, दोन तोफांच्या गुराबींनी इंग्रजांची झोप उडवली, यात भव्य कमी आहे का?" त्यांनी दुसरीकडून प्रतिकृती करून घेतली. छान गुळगुळीत होती. शाळेतली मुले रांगेने ती पाहून गेली. पुढे त्यांपैकी कुणी चित्र काढेल, कुणी त्यावरून आणखी एक प्रतिकृती करेल, आणि पन्नास वर्षांनी ती दोन मजली गुराब 'परंपरेने चालत आलेली' म्हणून पुरावा होऊन बसेल. ग्रिफिथ्सच्या नकलेत अस्पष्ट जागी रेषा कुणी पुरी केली हे आज शोधावे लागते, तसेच.

माझी अजिंठ्याची प्रतिकृती या चौथ्या वर्षीही पुरी झालेली नाही. सागवान तिच्यात थोडे आहे : दोन्ही उंच टोकांची बाजूची रेषा, तीन डोलकाठ्या, नाळेवरची चौकट, छत, वल्ह्यांच्या जागा. तळ, रुंदी, बरगड्या आणि आतले सगळे शिवणीचे. रांजण कुंभाराकडून चिकणमातीचे करून घेतले. शिलाईसाठी काथ्या फार जाड पडतो, म्हणून मेणात बुडवलेला सुती दोरा वापरतो. आमच्याकडे कापसाला तोटा नाही. दिशेची वल्ही कशात अडकवली होती, ते मात्र अजून ठरत नाही. चित्रात खोबणीसारखे काहीतरी आहे, पण वल्हे त्यात फिरत होते की दोरीने बांधलेले होते, हे नकलांवरून ठरत नाही. दोन्ही पद्धतींचे जोड करून ठेवले आहेत, शिवणीचेच. पावसाळा संपला की लेण्यात उजेड बरा असतो. तेव्हा पुन्हा एकदा जाऊन त्या कोपऱ्यासमोर उभे राहायचे आहे.